चाकाला गाय नसते

लग्न असो नाहीतर मर्तिक, फ्रीसलँडमधल्या आमच्या टेर्सुम गावात एकाच दाराबाहेर इतके लाकडी जोडे कधी कोणी पाहिले नव्हते. चीझवाल्याच्या रिकाम्या घराच्या पायरीपासून जी रांग निघाली ती थेट कालव्यावरच्या पुलापर्यंत. जोडे बाहेर, माणसं मोज्यांवर आत. आत गेलेला माणूस बाहेर यायचा तो तोंडाचा आ वासूनच, आणि आपले सोडून शेजाऱ्याचे जोडे पायात घालून घरी जायचा. दोन दिवसांत निम्म्या गावाच्या जोड्यांची अदलाबदल झाली, पण त्याबद्दल कोणी भांडलं नाही, यावरूनच काय ते समजा. एरवी आमच्याकडे एका बदकावरून दोन घरं सात वर्षं बोलत नाहीत.

आत एक चाक फिरत होतं. पुरुषभर उंचीचं, दोन्ही बाजूंनी काळं मेणकापड ठोकलेलं, ओकच्या दोन जाड खांबांवर बसवलेलं. वारा नाही, पाणी नाही, घोडा नाही, माणूस नाही, आणि चाक आपलं कुरकुरत गोल गोल गोल. त्याच्या शेजारी डॉक्टर अँब्रोसियस उभे. कशाचे डॉक्टर हे विचारायला कोणाला सुचलं नाही, कारण त्यांच्या डोक्यावर खांद्यापर्यंत येणारा पिठाळलेला केसांचा टोप होता, आणि टेर्सुममध्ये तसा टोप याआधी फक्त एका कर्नलच्या चित्रात दिसला होता.

"जडपणाला खाली जायची घाई असते," डॉक्टर डोळे अर्धवट मिटून सांगायचे. "सगळ्या विद्वानांनी त्या घाईला अडवलं. मी अडवलं नाही. मी तिला गोल रस्ता दाखवला. आत शिशाचे सात गोळे आहेत मंडळी, सात ग्रहांच्या वजनाचे. आणि आठवा..." इथे ते थांबायचे, छातीवर हात ठेवायचे. "आठव्याबद्दल मी बोलत नाही."

त्या न बोललेल्या आठव्या गोळ्यानेच गाव वेडं केलं. रात्री जेवताना लोक सात गोळे विसरून आठव्यावर वाद घालायचे.

आता टेर्सुमची माणसं मूर्ख होती असं कोणी समजू नये. आमची सगळी जमीन कालव्याच्या पातळीखाली. जमिनीत साठेल ते पाणी उपसून बांधापलीकडच्या कालव्यात टाकायचं, तेव्हा कुठे बटाटा सुकतो आणि गाय उभी राहते. हे काम गावची एकुलती एक पवनचक्की करी. त्या वर्षी पाऊस रोज पडला आणि वारा मात्र पडला तो उठलाच नाही. बावीस दिवस पानही हललं नाही. शेतात घोट्याएवढं पाणी, पाद्रीबुवांच्या तळघरात पिंपं तरंगताहेत, बटाट्याला वास सुटलेला. अशा वेळी डॉक्टर घोड्याने ओढायच्या बोटीतून उतरले आणि म्हणाले, वाऱ्याची गरजच नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खं चाक होतं.

चक्की सांभाळायची हिस्के. तिचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, तेव्हापासून शिडं बांधणं, दातेरी चाकांना चरबी लावणं, चक्कीचं डोकं वाऱ्याकडे फिरवणं सगळं ही एकटी बाई करी. राहायची चक्कीच्याच पोटात, खालच्या मजल्यावर. हाताने दणकट, जिभेने त्याहून दणकट. बावीस दिवस वारा नव्हता म्हणजे जणू हिनेच तो पेटीत कोंडून ठेवलाय, असं लोक तिच्याकडे बघू लागले होते.

डॉक्टरांची मागणी साधी होती. हे छोटं चाक नुसतं दाखवायचं. पाणी उपसायला मोठं चाक हवं, आणि मोठ्या चाकाला जुनं मुरलेलं ओक हवं, जे आमच्या मुलखात सोन्याच्या भावाने विकलं जातं. असं ओक जवळपास कुठे होतं? तर चक्कीत. म्हणजे चक्की उतरवायची, तिचा आस, तुळया, दातेरी चाकं सगळं बोटींवर चढवून डॉक्टरांच्या हार्लिंगन शहरातल्या कारखान्यात न्यायचं, आणि सहा आठवड्यांत चाक परत. पैसे डॉक्टरांना नकोच होते. पैशाचं नाव काढलं की त्यांना दुखल्यासारखं व्हायचं.

हिस्के पहिल्याच दिवशी चाक बघायला गेली होती. सगळे तोंडात बोटं घालून उभे असताना हिने कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, हे उचलतं काय? डॉक्टरांनी हसत आसाला दोरी लावून पीटची, म्हणजे जळणाच्या वाळक्या दलदली मातीची, एक टोपली छतापर्यंत चढवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हिस्केने विचारलं, मेणकापड काढता का जरा? डॉक्टर म्हणाले, आईचं पोट फाडून मूल कसं वाढतं ते बघतेस का बाई? लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. मग ती म्हणाली, बरं, चाक मधेच अडवून बघते, परत आपोआप सुरू होतं का? आणि ती पुढे झाली. हिस्के, हात लावू नकोस, असा एकच ओरडा झाला, तेवढ्यात चाक कुरकुरलं, मंदावलं आणि थांबलं.

डॉक्टरांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग त्यांनी टोप सावरला आणि अत्यंत दुःखी आवाजात जाहीर केलं की अविश्वासू माणसाच्या श्वासाने आठवा गोळा गुदमरतो. त्या दिवसापासून हिस्केला आत यायची बंदी झाली. आणि काय सांगू, ती बाहेर पडल्यावर चाक पुन्हा फिरू लागलं. यापुढे कोणाला पुरावा हवा?

तरी पाणीपंचायतीचा प्रमुख वोब्बे हा पक्का माणूस होता. तो हिस्केचा चुलत दीर, गावातला एकमेव वाचता येणारा शेतकरी, आणि आपल्याला कोणी फसवू शकत नाही यावर त्याचा गाढ विश्वास. त्याने स्वतः परीक्षा घेतली. चाकाच्या दालनाच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या, दाराला कुलूप, कुलपावर लाख, लाखेवर पंचायतीची मोहोर. तीन दिवसांनी सगळ्या पंचांना घेऊन तो गेला, पायरीवर खटाखट जोडे काढले, मोहोर तपासली, फोडली, दार उघडलं. चाक फिरत होतं. वोब्बेच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. त्याच संध्याकाळी त्याने हिस्केला निरोप धाडला की बुधवारी हात वर करून ठराव व्हायचा, गुरुवारी सुतार येणार, तिने आपलं सामान बांधून ठेवावं.

हिस्के त्याच्या घरी गेली. दारातच उभी राहिली.

"भावजी, चक्की गेली आणि चाक आलं नाही, तर?"

"येईल की, वहिनी. मी मोहोर लावली होती."

"तुम्ही दाराला लावली. घराला नाही."

"तुला चक्कीची पडली आहे," वोब्बे म्हणाला, पण खाली बघत म्हणाला. "मला गावाची. माझ्या गाई पाण्यात उभ्या आहेत गं."

"माझं घर गेलं तर मी कुठेही राहीन. पण नोव्हेंबरातला वारा येईल तेव्हा तो कशाला लागणार? तुमच्या टोपीला?"

वोब्बेने दार लावून घेतलं. हिस्के चिखल तुडवत परत गेली. खरं सांगायचं तर तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा तिला राग आला. त्यात आणखी एक काम बाकी होतं. धोबीण आफ्के तीन आठवड्यांपूर्वी बहिणीच्या बाळंतपणाला हार्लिंगनला गेली होती आणि जाताना आपली गाय हिच्या गळ्यात बांधून गेली होती. ठिपकी नावाची ती गाय धार काढताना लाथा मारी. हिस्केने मनातल्या मनात आफ्केला आणि तिच्या बहिणीला यथेच्छ शिव्या घातल्या, इतकी लांबलेली बाळंतपणं जगात कुठे असतात म्हणून.

बुधवार उजाडला. अख्खं गाव चाकासमोर ठरावाला जमलं. हिस्केला आत मज्जाव, म्हणून ती पुलावर उभी राहिली. पण तिथून आतलं ऐकू येईना आणि लोक जाता-येता कीव करायला लागले. कीव तिला सोसेना. ती निघाली आणि घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. तिथे पीटचा ढीग होता, त्यावर बसून निदान कोणाला न दिसता दातओठ खाता आले असते.

ती बसली. समोर स्वयंपाकघराचं मागचं दार. दाराबाहेर, स्वच्छ घासलेल्या पायरीवर, एक जोड जोडे. टाचा भिंतीला लागून, टोकं बाहेर, अगदी ओळीत.

हिस्के बघत राहिली. डॉक्टर चामड्याचे बकलवाले बूट घालत. त्यांच्याकडे चाकर नव्हता, असं तेच सांगत; विद्येला चाकर लागत नाही, हेही सांगत. मग हे कोणाचे? जोडे ओले होते. जोडे मोठे होते, पण बायकी, पुढे फुलं कोरलेली. टाचेवर डागून काढलेली खूण होती, कपडे धुवायची मोगरी. आणि एवढ्या मापाचे बायकी जोडे टेर्सुममध्येच काय, अख्ख्या फ्रीसलँडमध्ये एकाच बाईचे होते.

आफ्के हार्लिंगनला होती. जोडे इथे होते.

आता आमच्या मुलखातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे चोर जरी घरात शिरला ना, तरी जोडे बाहेर काढून शिरेल. घासलेल्या फरशीवर चिखलाचे जोडे घेऊन जाणं हे पाप देवाच्या दहा आज्ञांत लिहायचं राहून गेलं एवढंच. आणि आफ्के तर धोबीण; जिथे जाईल तिथे आधी फरशी घासणार. डॉक्टरांनी तिला शंभरदा बजावलं होतं म्हणे, जोडे आत आण, लपवून ठेव. ती हो म्हणायची. पण पायरीपाशी आली की पाय आपोआप जोड्यांतून बाहेर पडायचे. ती फरशी तिनेच तर घासलेली.

हिस्केने दाराला कान लावला. आतून समोरच्या दालनातला डॉक्टरांचा आवाज येत होता, आणि त्याहून जवळ, भिंतीत, कुरकुर. आणि कुरकुरीबरोबर धापा.

तिच्या डोक्यात सगळं एकेक करून जागेवर बसलं. दालन आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीत झोपायचं कपाट, दोन्हीकडून दारं असलेलं. आमच्याकडे सगळे तसेच झोपतात, कपाटात, दारं लावून. आणि पाहुणा कितीही आगाऊ असला तरी परक्याच्या झोपायच्या कपाटाला हात लावत नाही. आतल्या सत्तर माणसांपैकी कोणी लावला नव्हता.

दार उघडून आफ्केला हाताला धरून बाहेर ओढता आलं असतं. पण मग डॉक्टर म्हणाले असते, ही माझी स्वयंपाकीण, चाकाचा काय संबंध? लोकांनी चाक आणि बाई एकत्र थांबलेली बघायला हवी होती. हिस्केने दोन क्षण विचार केला. मग तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि चक्कीच्या माथ्यावरून हाका मारायची सवय असलेल्या आवाजात ओरडली.

"आफ्के! ठिपकी कालव्यात पडली!"

आतमध्ये काय झालं ते पुढे महिनाभर सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं. वोब्बे नुकताच म्हणत होता, ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा. हात वर गेले. बाहेरून ती हाक आली. आणि चाक, जे तीन दिवस कुलपात थांबलं नव्हतं, जे सात ग्रहांच्या वजनावर फिरत होतं, ते एक गचका खाऊन जागच्या जागी थांबलं. त्याच क्षणी भिंतीतलं कपाट हललं, आतून धाडकन काहीतरी आपटलं, स्वयंपाकघरातून धावण्याचा आवाज आला. आणि फळ्या ठोकलेल्या खिडकीच्या फटीतून लोकांना दिसलं की आफ्के धोबीण, जी हार्लिंगनला होती, मोज्यांवर चिखलातून कालव्याकडे पळते आहे.

सत्तर हात अजून हवेतच होते.

हिस्के पुढच्या दाराने आत आली. पायरीवर तिने आपले जोडे काढले, मगच आली.

डॉक्टर अँब्रोसियस पांढरेफटक पडले होते, पण जीभ जागेवर होती. ते म्हणाले, बघा, मी सांगितलं होतं, अविश्वासू श्वास! ह्या बाईच्या ओरडण्याने आठव्या गोळ्याला धक्का बसला.

"डॉक्टरसाहेब," हिस्के शांतपणे म्हणाली, "मी चाकाला काही बोललेच नाही. मी म्हटलं गाय पडली. चाकाला गाय नसते. ज्याला गाय आहे, तो थांबला."

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि वोब्बेने हात खाली घेतला. त्याच्या मागोमाग एकेक करून सगळ्यांनी.

झोपायचं कपाट उघडलं. आत गादी नव्हती. एक तिपाई, एक लोखंडी दांडा, त्यावरून खाली फरशीखाली गेलेली दोरी, आणि अर्धवट खाल्लेली राईची भाकरी. दोरी फरशीखालून पोकळ खांबात शिरत होती आणि खांबातून वर आसापर्यंत. हिस्केने दांडा फिरवला, चाक फिरलं. धरून ठेवला, चाक थांबलं. मग तिने पाद्रीबुवांना फिरवायला दिला, मग दोन गवळणींना. वोब्बेला द्यायला गेली तर तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"भावजी, तुमची मोहोर कोणी फोडली नव्हती," ती त्याला जरा हळू म्हणाली. "तीन दिवस चाक बंदच होतं. आपण आलो की पायरीवर जोडे काढतो, खट् खट्. तेवढं ऐकलं की आफ्के सुरू. आपण आपल्याच हाताने तिला घंटी वाजवून देत होतो. मी त्या दिवशी चाक अडवायला पुढे झाले, तेव्हा तुम्ही सगळे ओरडलात, हिस्के हात लावू नकोस. तेही तिने ऐकलं आणि घाबरून थांबली."

वोब्बे म्हणाला, "मी तुझं घर मोडायला निघालो होतो गं."

"निघाला होतात," हिस्के म्हणाली. तिने ते झाकून घेतलं नाही, आणि घ्यायचं कारणही नव्हतं.

एवढ्यात आफ्के परत आली, गुडघ्यापर्यंत चिखल, लालबुंद. ठिपकी कोरड्यात उभी राहून शांतपणे रवंथ करत होती हे बघून आलेली. ती आधी हिस्केवर भडकली, मग सगळ्यांकडे बघितलं, उघड्या कपाटाकडे बघितलं, आणि तिचा आवाज बसला. तिला गावाला फसवायचं नव्हतं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की चाक खरं आहे, फक्त नवीन आहे. मूल बोट धरून चालायला शिकतं तसं चाकाला थोडे दिवस फिरवून सवय लावायची, मग ते आपलं आपण फिरेल. आणि हे गुपित राहायला हवं, नाहीतर चाक लाजतं.

"तीन आठवडे लावतेय सवय," ती डॉक्टरांना म्हणाली. "माझे खांदे गेले. याला कधी लागणार सवय?"

डॉक्टर टोप सावरत दाराकडे सरकू लागले. चोपायचं की नाही यावर गावात मतं पडली. हिस्के नको म्हणाली, त्याला मारलं तर तो पुढच्या गावात हुतात्मा म्हणून मिरवेल. त्यापेक्षा चाकाचं मेणकापड काढून, आतली दोरी दिसेल असं ठेवून, ते डॉक्टरांसकट पुढच्या बोटीवर चढवलं आणि नावाड्याला सांगितलं की प्रत्येक धक्क्यावर उघडून दाखव. आत शिशाचे गोळे निघाले दोन. आठव्याचं तर नावच नको.

आता चमत्कार गेला, पण पाणी शेतातच होतं. दुसऱ्या दिवशी सुतार आले ते चक्की उतरवायला नाही, तर तीन-तीन काठ्यांच्या तिकाटण्यांना लाकडी फावडी टांगायला. दोघांनी एक फावडं झोक्यासारखं ओढायचं आणि पाणी बांधापलीकडे फेकायचं. जुनी, कंटाळवाणी, घाम काढणारी रीत. वारा यायला पुढे सहा दिवस लागले. तोवर घरटी एक माणूस पाळीपाळीने राबला, पाद्रीबुवासुद्धा, आणि वोब्बेच्या गाईंचे खूर कोरडे झाले. तळहातांना फोड आले. पाचव्या दिवशी वोब्बे फावडं सोडून कंबर धरून बसला आणि म्हणाला, ते चाक खोटं होतं कबूल, पण बरं होतं, बसल्या जागी फिरायचं.

"बसल्या जागी मी होते, वोब्बेदादा," पलीकडच्या फावड्यावरून आफ्के म्हणाली. "तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवत होता."

म्हणून सांगायचं एवढंच, मंडळी. नवं यंत्र बघायला जरूर जा. यंत्रं वाईट नसतात, चक्की तरी यंत्रच आहे, आणि ती कशावर चालते हे ती लपवत नाही. पण वारा नको, पाणी नको, घोडा नको, कष्ट नको असं कोणी सांगू लागला, आणि झाकलेलं उघडून दाखवायला तयार नसला, तर त्याच्या टोपाकडे बघत बसू नका. मोहोर एका दाराला लावून समाधान मानू नका. हात वर करायच्या आधी उठा, घराला एक फेरी मारा, आणि मागच्या बाजूला कोणाला घाम फुटलाय ते बघा.